राहणाऱ्यांनीच यावे

वहिनी दातांच्या कवळ्या बनवायच्या. डॉक्टर माणसाच्या जबड्याचं माप घेऊन त्यांच्याकडे पाठवत. वहिनी त्यात प्लास्टर ओतत, मेणात एकेक दात रोवत, गुलाबी हिरडी चढवत आणि आठवडाभरात अख्खं तोंड डबीत घालून परत धाडत. या कामात त्यांची एकतीस वर्षं गेली होती. त्यामुळे कुणी बोलायला लागलं की त्यांचं लक्ष आधी दातांकडे जाई आणि मग शब्दांकडे. समोरचा खोटं बोलतोय हे त्यांना उशिरा कळे, पण त्याची डावीकडची दाढ गेलेली आहे हे लगेच कळे.

बेबी ही त्यांची नणंद. वय त्रेपन्न, उंची दारात वाकावं लागेल इतकी, आणि सव्वीस वर्षं शहरात बस चालवलेली. कागदावरचं नाव वेगळं होतं, पण लहानपणी कुणीतरी लाडानं बेबी म्हटलं ते चिकटलं आणि पुढे सोडवायचं सगळ्यांच्याच राहून गेलं. भाऊ गेला तेव्हा ती वहिनींना सोबत म्हणून चार दिवस आली होती. त्या चार दिवसांना आता नऊ वर्षं झाली होती. दोघी भांडत नसत असं नाही. पण भांडण झालं की बेबी दुप्पट जेवायची आणि वहिनी दुप्पट काम करायच्या, त्यामुळे घराचं नुकसान असं कधी झालं नाही.

घर म्हणजे चौथ्या मजल्यावरच्या भाड्याच्या दोन खोल्या. गॅलरी बंद करून वहिनींनी तिथे कामाचं टेबल टाकलं होतं. एका बाजूला प्लास्टरचे जबडे वाळत, दुसऱ्या बाजूला बेबीचे मोजे. त्या वर्षी डेपोनं बसचे मार्ग ठेकेदाराला दिले आणि बेबीला एकरकमी पैसे देऊन घरी बसवलं. महिना उलटतो न उलटतो तोच घरमालकाचं पत्र आलं की पुढच्या करारापासून भाडं दीडपट. त्यातच खालच्या मजल्यावरच्या बाईंनी वहिनींच्या पॉलिशच्या चाकाचा आवाज येतो म्हणून सोसायटीत तक्रार केली. दुष्काळात तेरावा महिना, दुसरं काय.

भावाच्या विम्याचे पैसे वहिनींनी कधी हलवले नव्हते. त्यात बेबीचे मिळवले तरी शहरात त्यातून मोटार उभी करायची जागा आली असती. मोटार नव्हती, हा भाग वेगळा.

अशात एके दिवशी टपालानं एक तुटकी कवळी दुरुस्तीला आली. लांबच्या कुठल्याशा डॉक्टरनं पाठवली होती, आणि ती ज्या कागदात गुंडाळली होती तो तिकडच्या साप्ताहिकाचा तुकडा होता. वहिनींना हातात आलेला कुठलाही कागद वाचायची खोड. त्यांनी चष्मा वर केला आणि मोठ्यानं वाचलं, "घर विकणे आहे. खाली दोन खोल्या, वर दोन, मागे अंगण. राहणाऱ्यांनीच यावे. मिस्त्री." खाली किंमत होती.

बेबीनं कागद ओढून घेतला. "एक शून्य छापायचं राहिलंय."

"फोन करून बघूया का?"

"करा. शून्य कुठे गेलं म्हणून विचारा."

वहिनींनी फोन केला. शून्य कुठे गेलेलं नव्हतं. पलीकडचा म्हातारा आवाज एवढंच म्हणाला, "फोनवर घर दिसत नाही. या आणि बघा."

*

गाडीनं साडेपाच तास, आणि पुढचे बावीस किलोमीटर दुधाच्या टेम्पोतून, कारण त्या गावाला जायला बस नव्हती. बेबी टेम्पोत चालकाशेजारी बसली होती आणि त्यानं गिअर बदलला की दरवेळी तोंड वाकडं करत होती.

"जिथे बस जात नाही तिथे माणसानं का जावं?" ती म्हणाली.

गावात एकेकाळी काचेचा कारखाना होता. तो बंद पडून पंधरा वर्षं झाली होती. हातपाय धड असलेली माणसं कामाच्या मागे निघून गेली, त्यांचे आईबाप आणि त्यांनी बांधलेली घरं मागे राहिली. रस्ते रुंद होते, दुकानांतली निम्मी उघडी होती, आणि चौकात बाकावर चार म्हातारे बसले होते. टेम्पो थांबला तशी चौघांनी एकदम माना वळवल्या. वहिनींनी सवयीनं पाहिलं. चौघांत मिळून दहाएक दात असावेत.

मिस्त्रीची गल्ली सात घरांची होती. तीन घरांना कुलपं. एका कुलपावर तर कोळ्यानं जाळं विणलं होतं.

मिस्त्री दारातच उभा होता. वय शहात्तर, अंगानं वाळलेल्या शेंगेसारखा, भुवयांत चुन्याची पांढरी धूळ इतकी मुरलेली की केस कुठले आणि धूळ कुठली ते कळू नये. त्यानं तोंड उघडलं आणि वहिनी बघतच राहिल्या. वरचे, खालचे, सगळे दात जागच्या जागी.

"बत्तीस आहेत," तो म्हणाला. "मोजायचे तर मोजा. पण आलाय ते घर बघायला ना?"

घर त्यानं स्वतःच्या हातानं बांधलेलं होतं. दुसरा कुणी असता तर खिडकीतून काय दिसतं ते दाखवलं असतं. यानं भिंती दाखवल्या. बोटांच्या पेरांनी ठोकून आवाज ऐकवला. कोपऱ्याला ओळंबा, म्हणजे वजन बांधलेली दोरी, लावून तो केसभरही कललेला नाही हे दाखवलं. जिन्याच्या पायऱ्या बोटभर कमी उंचीच्या होत्या, त्याच्या बायकोचे गुडघे दुखायचे म्हणून. बायको जाऊन सहा वर्षं झाली होती. ते त्यानं पायऱ्यांची मापं सांगता सांगता सांगितलं, आणि लगेच वरच्या पायरीकडे वळला.

वरच्या खोलीला उत्तरेकडे मोठी खिडकी होती. वहिनींनी पिशवीतून दातांच्या रंगांची पट्टी काढली. सोळा दात, सोळा छटा, पांढऱ्यापासून चहाच्या डागापर्यंत. शहरातल्या गॅलरीत ट्यूबलाइटखाली त्यांतल्या सहा सारख्याच दिसत. रंग जुळवायचा तर जिने चढून गच्चीवर जावं लागे. इथे पट्टी खिडकीत धरली आणि सोळाच्या सोळा छटा एकमेकींपासून सुट्या झाल्या.

वहिनींच्या मनानं तिथेच घर घेतलं. चेहऱ्यावर मात्र काही येऊ दिलं नाही, कारण टेम्पोत बेबीनं बजावलं होतं, "आवडलं तरी दात दाखवायचे नाहीत."

खाली आल्यावर मिस्त्रीनं चहा दिला आणि विचारलं, "घेतल्यावर राहणार कोण?"

"आम्ही दोघी," वहिनी म्हणाल्या.

"त्या समोरच्यानंही असंच सांगितलं होतं. स्वस्त मिळतंय म्हणून घेऊन टाकलं. दोन सुट्ट्यांत आला, तिसऱ्या सुट्टीत कुलूप लावलं ते लावलंच. आता छप्पर बसलंय." त्यानं कप खाली ठेवला. "घर पावसानं पडत नाही बाई, कुलपानं पडतं. मी हे असं पडायला बांधलेलं नाही."

"मग काय, लिहून द्यायचं का?" बेबी म्हणाली.

"लिहिलेलं मला काय करायचंय. थंडीभर राहून दाखवा. वरच्या खोल्या घ्या, भाडं नको, विजेचं बिल अर्धं. इथली थंडी काढलीत तर मग बोलू. तोवर दुसऱ्याला देणार नाही, किंमत वाढवणार नाही."

परतीच्या वाटेवर बेबी म्हणाली, "घर विकायला काढलंय की मुलीचं लग्न जमवतोय?"

रंगांची पट्टी अजून वहिनींच्या हातातच होती.

*

भाड्याचा करार संपला तशा दोघी सामान घेऊन मिस्त्रीच्या वरच्या खोल्यांत आल्या. मग थंडी आली आणि तिनं दोघींची चांगलीच परीक्षा घेतली. सकाळी बादलीतल्या पाण्यावर बर्फाचा पापुद्रा धरे. प्लास्टर आळायला दुप्पट वेळ घेई. सगळ्यात वाईट म्हणजे टपाल. शहरात डॉक्टरचा माणूस सकाळी माप आणून देत असे. इथे तेच माप यायला चार दिवस, जायला चार दिवस. पेशंट बिनदाताचा किती दिवस थांबणार? पहिल्या महिन्यात एका डॉक्टरनं काम थांबवलं, दुसऱ्या महिन्यात आणखी दोघांनी. कुणी वाईट बोललं नाही, पण मापं येईनाशी झाली.

वहिनींची लग्न झालेली लेक फोनवर रोज विचारायची, "आई, कशाला हट्ट करतेस? माझ्याकडे ये. आत्यालाही घेऊन ये."

"बघू," वहिनी म्हणायच्या. जावयाच्या घरातली कोपऱ्यातली खोली त्यांच्या डोळ्यांपुढे यायची. जावई चांगला होता, खोलीही चांगली होती. पण तिथे प्लास्टरचे जबडे कुठे वाळत घालायचे?

बेबीची कुरकुर सकाळी सुरू व्हायची ती झोपेपर्यंत. गावात फळं मिळत नाहीत. गावात एकही माणूस चाळिशीच्या आतला नाही. गावात बस नाही. सगळ्या तक्रारी फिरून फिरून बसपाशीच यायच्या.

"नगरपालिकेच्या शेडमध्ये एक बस उभी आहे," एक दिवस मिस्त्री म्हणाला. "सात महिने झाले. चालवणारा गेला मुलाकडे."

बेबीनं हातातला घास ताटात ठेवला. "बस आहे?"

"आहे की. बरी आहे बस. धूळ खातेय."

दुसऱ्या दिवशी बेबी भांडायलाच म्हणून नगरपालिकेत गेली. काय झालं ते तिनं घरी येऊन सांगितलं, तेही रागारागानं. तिथल्या कारकुनापुढे तिनं टेबलावर हात आपटून विचारलं होतं की बस असताना लोकांना दुधाच्या टेम्पोतून का जावं लागतं. कारकून फायलीतून मान वर न काढता म्हणाला, "चालवायला माणूस नाही. तुम्ही चालवता का?"

"मग?" वहिनींनी विचारलं.

"मग काय, ठेवलं त्याच्यापुढे लायसन्स. अवजड वाहन, सव्वीस वर्षं, एकही अपघात नाही. तो लायसन्स बघतोय, मला बघतोय, परत लायसन्स बघतोय. आत जाऊन साहेबाला घेऊन आला. साहेब म्हणाला, सोमवारपासून याल का?"

"आणि तू काय म्हणालीस?"

बेबीनं मफलर खुंटीला अडकवला. "थंडी संपेपर्यंत, म्हटलं. त्यापुढचं मला विचारू नका. आणि त्या बसचा क्लच आधी बघून घ्या, म्हटलं."

सोमवारी सकाळी सव्वासातला गावातून बस निघाली. पहिल्या दिवशी अकरा उतारू होते, आणि त्यांतल्या चौघांना कुठेच जायचं नव्हतं. ते चौकातले म्हातारे होते. बस खरंच जाते का ते बघायला बसले, मोठ्या गावापर्यंत गेले, तिथे चहा प्यायले आणि त्याच बसनं परत आले.

ते बावीस किलोमीटरवरचं मोठं गाव वहिनींच्या डोक्यात आधी आलंच नव्हतं. तिथे दोन दातांचे दवाखाने आहेत ही बातमी बेबीनंच आणली. "एका पाटीवर तर भला मोठा दात काढलाय," ती म्हणाली. "किडका वाटतो, पण आहे."

वहिनी नमुन्याच्या कवळ्या डब्यात भरून बसमध्ये चालकाच्या मागच्या सीटवर बसल्या. मोठ्या दाताच्या पाटीखाली एक तरुण डॉक्टरीण होती, कामानं पिचलेली. तिनं डबा उघडून पाहिला आणि बंद केला. "काम छान आहे. पण माझी कामं ठरलेल्या ठिकाणी जातात. तीन आठवडे लागतात, लोक शिव्या देतात, पण चाललंय."

वहिनी उठायला लागल्या तेव्हा तिला काहीतरी आठवलं. "एक आजी आहेत. तीन कवळ्या झाल्या, तिन्ही परत केल्या. बसतात नीट, टोचत नाहीत, तरी नको म्हणतात. जमेल तर बघा."

वहिनींनी डॉक्टरणीला एकच विनंती केली, की मला त्या आजींना भेटू द्या. भेटल्यावर त्यांनी तोंडात बघितलंच नाही. तासभर गप्पा मारल्या आणि निघताना तरुणपणचा एखादा फोटो आहे का म्हणून विचारलं. फोटो निघाला. त्यात आजी हसत होत्या आणि पुढच्या दोन दातांमध्ये गव्हाचा दाणा मावेल एवढी फट होती.

वहिनींनी नव्या कवळीत तेवढीच फट ठेवली. डॉक्टरीण आधी म्हणाली, हे चुकलंय. आजींनी कवळी घातली, आरसा घेतला, बराच वेळ बघितलं. मग म्हणाल्या, "हं. आता ही मी दिसतेय. आधीच्या तिघी कोण होत्या कुणास ठाऊक."

त्यानंतर रोज सकाळी बस तयार कवळ्या घेऊन जाई आणि संध्याकाळी नवी मापं घेऊन येई. आधी एका दवाखान्याची, मग दुसऱ्याचीही. चालकाच्या सीटखाली डब्यांसाठी बेबीनं एक लाकडी खोकं ठोकून घेतलं आणि त्यावर खडूनं लिहिलं, "पाय ठेवू नये. आत तोंडं आहेत." दात कोरून पोट भरत नाही म्हणतात, दात बसवून मात्र दोघींचं भरायला लागलं.

*

थंडी सरली. अंगणातल्या झाडाला पालवी फुटली. दोघी टिकल्या होत्या, आणि ठरल्याप्रमाणे आता मिस्त्रीनं बोलायला हवं होतं. तो बोलेना.

वहिनींनी विषय काढला की तो म्हणे, "करू की." कागद मागितले की कागद सापडत नसत. सापडले तर चष्मा सापडत नसे. निबंधकाच्या कचेरीत वेळ घेतली त्या दिवशी त्याच्या पोटात दुखायला लागलं, आणि कचेरी बंद व्हायच्या वेळेला थांबलं. नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं.

"याला दुसरं गिऱ्हाईक मिळालंय," बेबी म्हणाली.

"तसा नाही तो."

"तुम्हाला कुणीच तसं वाटत नाही, वहिनी. तुम्ही माणसाचे दात बघता. याचे बत्तीस आहेत म्हणून फसलात. खायचे वेगळे आणि दाखवायचे वेगळे असतील तर?"

त्याच रविवारी दुपारी बेबीनं वहिनींना खिडकीपाशी बोलावलं. मिस्त्री गल्लीत इकडेतिकडे बघत समोरच्या कुलूपबंद घराकडे चालला होता. त्यानं खिशातून किल्ली काढली, कुलूप उघडलं आणि आत गेला. अर्ध्या तासानं बाहेर आला तेव्हा बगलेत फूटपट्टी होती आणि हातात वही.

"हा तिसरा रविवार," बेबी म्हणाली. "तो दलाली करतोय. हे घर आणि ते घर मिळून कुणालातरी गळ्यात मारणार."

वहिनी रात्रीपर्यंत थांबल्या नाहीत की बेबीशी चर्चा करत बसल्या नाहीत. हातावरचं प्लास्टर पुसत तशाच खाली उतरल्या आणि मिस्त्रीच्या पुढ्यात उभ्या राहिल्या.

"मिस्त्री, घर द्यायचं नसेल तर तसं सांगा. आम्ही थंडी काढली. आता आम्हाला टांगून ठेवू नका."

म्हाताऱ्यानं वही मागे लपवली, चोरी पकडल्यासारखी. मग त्याच्याच लक्षात आलं की लपवून उपयोग नाही. त्यानं वही टेबलावर ठेवली आणि त्यांच्याकडे सरकवली.

आत पेन्सिलीनं काढलेलं समोरचं घर होतं. बसलेलं छप्पर, फुगलेली भिंत, कुजलेले दरवाजे. आणि पुढच्या पानावर तेच घर दुरुस्त होऊन उभं. बाजूला बारीक अक्षरांत विटा किती, वासे किती, गिलावा किती.

"त्या माणसानं मला किल्ली दिली," मिस्त्री म्हणाला. "म्हणाला, मिळेल त्याला घेऊ दे, मला कटकट नको. तुमच्या पैशांतला लहानसा तुकडा जाईल त्यात. बाकीचे विटांना आणि म्हातारपणाला."

"म्हणजे ते तुम्ही घेताय?"

"मग काय करू? या घरात आता करण्यासारखं काही उरलं नाही. सहा वर्षं झाली, नुसता भिंतींकडे बघत बसतो. सगळ्या सरळ. एखादी वाकडी असती तर बरं झालं असतं." तो हसला, बत्तीसही दिसले. "हात बसू देत नाहीत, वहिनी."

तोसुद्धा त्यांना वहिनी म्हणायला लागला होता, हे त्यांच्या तेव्हाच लक्षात आलं.

"मग अडलंय कुठे?"

मिस्त्रीनं दाराकडे पाहिलं. "मुलगा. त्याला वाटतंय घर विकून मी त्याच्याकडे जाणार. खोली रंगवून ठेवलीय त्यानं माझ्यासाठी. कसं सांगू? सही केली की सांगावं लागेल, म्हणून सही लांबवतोय."

वहिनी खुर्चीत बसल्या. लेकीनं त्यांच्यासाठी ठेवलेली कोपऱ्यातली खोली त्यांना आठवली. "रंग कुठला दिलाय?" त्यांनी विचारलं.

"फिका निळा."

"माझ्या लेकीनं पिवळा दिलाय," वहिनी म्हणाल्या.

*

मुलाला फोन वहिनींनी लावून दिला, पण बोलायला त्यांनी मिस्त्रीलाच लावलं. चौथ्या दिवशी मुलगा स्वतःच हजर झाला. पंचेचाळिशीचा, जाडसर, भला माणूस. डोळ्यांखाली काळं झालेलं. बेबीच्या बसनंच आला, आणि वाटेत तिच्याशी एक शब्द बोलला नाही.

"तुम्ही माझ्या वडिलांना फूस लावलीत," तो आल्या आल्या वहिनींना म्हणाला. "शहात्तर वर्षांच्या माणसाला पडक्या घरात घालताय."

"घालत कुणी नाहीये," वहिनी म्हणाल्या. "ते स्वतः शिरतायत. आधी चहा घ्या."

"शिडीवरून पडले तर?"

हा प्रश्न मिस्त्रीला होता. मिस्त्री म्हणाला, "तुझ्याकडे खुर्चीवरून पडेन. मागच्या वेळी आलो तेव्हा बाराव्या दिवशी तुझ्या न्हाणीघराची फरशी उखडून बसवली होती मी, आठवतंय? सून बिचारी काही बोलली नाही. पण तिला शेजारी जाऊन अंघोळ करावी लागली."

मुलाच्या ओठांचा कोपरा हलला. तो उठला आणि एकटाच समोरच्या घरात गेला. बराच वेळ आला नाही. खिडकीतून दिसत होतं की तो एकेका भिंतीवर बोटांची पेरं आपटतोय, मान तिरकी करून ऐकतोय. ते त्याला कुणी शिकवलं होतं हे सांगायला नको.

परत आला तेव्हा आवाज खाली आला होता. "पाया चांगला आहे," तो वडिलांना म्हणाला. "छपरावर तुम्ही चढायचं नाही. माणूस लावायचा. तेवढं कबूल करा."

"केलं."

"खोटं बोलताय."

"थोडं," मिस्त्री म्हणाला.

मग मुलगा वहिनींकडे वळला. "तुम्ही त्यांच्यावर लक्ष ठेवाल?"

वहिनींना हो म्हणणं सोपं होतं. त्यानं तो निश्चिंत झाला असता आणि सह्या दुसऱ्याच दिवशी झाल्या असत्या. पण त्या म्हणाल्या, "लक्ष ठेवणार नाही. ते लहान नाहीत. शेजारी म्हणून जे असतं ते सगळं असेल. आवाज आला नाही तर जाऊन बघेन. ते मी न सांगताही केलं असतं."

मुलानं थंड झालेला चहा एका घोटात संपवला आणि खिशातून एक कागद काढून त्यावर आपला नंबर लिहून दिला, घरचा, कामावरचा आणि बायकोचा.

निबंधकाच्या कचेरीत सगळे बसनं गेले. कारकुनानं विचारलं, घर दोघींच्या नावे का? वहिनी हो म्हणाल्या. कारकुनानं बेबीचं नाव विचारलं. तिनं कागदावरचं खरं नाव सांगितलं तेव्हा मिस्त्रीनं चमकून पाहिलं.

"हे कोण?" तो म्हणाला.

"मीच," बेबी म्हणाली. "कुणाला सांगू नका."

सही करताना तिचा हात थांबला. वहिनींना वाटलं, आता ही काढणार काहीतरी खोट. "थंडी संपली," त्या हळूच म्हणाल्या. "तू थंडीपुरतंच म्हणाली होतीस."

"साहेबांना मागच्याच महिन्यात सांगितलंय, वर्षाचं पत्र द्या म्हणून," बेबी कागदाकडेच बघत म्हणाली. "तुम्हाला सांगितलं असतं तर तुम्ही फुशारला असतात." आणि तिनं घसघशीत सही केली, बाहेरच्या रेघेपर्यंत गेलेली.

मिस्त्रीचं सामान हलवायला गल्ली ओलांडण्यापुरताच वेळ लागला. एक पलंग, एक पेटी, भांडी आणि हत्यारांची चार खोकी. पलंग समोरच्या घरातल्या त्यातल्या त्यात धड खोलीत टाकला. पहिल्या आठवड्यात त्यानं फुगलेली भिंत उतरवली. चौकातले चौघं म्हातारे बाकावरून उठून आता त्याच्या दारात बसायला लागले आणि फुकटचे सल्ले द्यायला लागले. त्यांतल्या दोघांच्या तोंडात वहिनींच्या हातचे दात होते, म्हणून निदान सल्ला तरी स्पष्ट ऐकू येई.

रविवारी बेबीला सुट्टी होती. मिस्त्रीनं तिच्या हातात ओळंब्याची दोरी दिली आणि तिला उंचीचा फायदा आहे म्हणून वरचं टोक धरायला लावलं.

"हलवू नकोस," तो म्हणाला.

"मी हलवत नाहीये. तुमची भिंत हलतेय."

"भिंत नाही हलत. तू बोलतेस तेव्हा दोरी हलते."

वर उत्तरेच्या खिडकीत वहिनी मेणात पुढचे सहा दात बसवत होत्या. सोमवारी सकाळच्या बसनं ते जायचे होते. गिलावा खरवडल्याची धूळ गल्ली ओलांडून आली आणि मऊ मेणावर बसली. वहिनींनी डोकं बाहेर काढलं.

"मिस्त्री, तासभर थांबवा ते. माझ्या हिरड्यांवर धूळ येतेय."

"तासभर जमायचं नाही, माल भिजवलाय. अर्धा तास थांबतो."

"पाऊण."

"अर्धा. आणि चहा तुमच्याकडे."

वहिनींनी थोडा विचार केला आणि मान डोलावली. मेणावरची धूळ ब्रशनं झटकली, दिव्यावर चाकूचं पातं तापवलं आणि वरच्या जबड्यातला डावा सुळा केसभर वळवून बसवला.